सिंधूबाईंना न पटलेली गोष्ट

निमोण्यात सिंधूबाईंची ओळख करून द्यायची तर एवढंच सांगावं, की त्यांच्यासमोर देव प्रकटला तरी त्या आधी त्याचं आधार कार्ड बघायला मागतील. हे त्यांचे मालक बबनराव म्हणायचे, आणि बबनराव गेल्यावर गावानं ते वाक्य जपून ठेवलं. शेवंतीचा व्यापारी काटा लावतो तेव्हा सिंधूबाई आधी त्यावर घरून आणलेला दगड ठेवतात, कारण त्या दगडाचं वजन त्यांना पाठ आहे. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की शेजारच्या भागुबाईंना त्याच दुखण्यावर कुठली दिली होती ते विचारून येतात. सुनेनं चहात साखर घातली असं सांगितलं तरी बोट बुडवून बघतात. गाव हसतं. पण बांधाचं भांडण असो नाहीतर सोयरीक, शेवटी कुणीतरी विचारतंच, सिंधूबाईंना पटलंय का? त्यांना पटलं की मग पुढं कुणी काही बोलत नाही.

अशा बाईचा मुलगा जपानच्या तुरुंगात अडीच वर्षं काढून परत आला. आता बोला.

भारत हा त्यांचा एकुलता एक. गावच्या शाळेत त्याचं मन लागेना म्हणून पाचवीत त्याला दौंडला मामाकडं ठेवला. मामा म्हणजे सिंधूबाईंचे धाकटे भाऊ मारुतराव, रेल्वेत नोकरीला, कॉलनीत क्वार्टर. पहिल्याच दिवाळीला पोरगा घरी आला तो ‘आहे’ आणि ‘नाही’ बोलतच. कॉलनीतली पोरं त्याला ‘ए हाय’ म्हणून हाक मारायची, म्हणे. चिडून त्यानं एका सत्रात जीभ घासून स्वच्छ केली आणि वर आईलाच टोकायला लागला, की आई, हाय नाही गं, आहे म्हण. सिंधूबाईंना राग आला आणि कौतुकही वाटलं, आणि कौतुक वाटलं याचा परत राग आला. पुढं मामाचीच शितल त्याला केली. लहानपणी ती सिंधूबाईंना ‘आत्या, तू’ म्हणायची, अक्षता पडल्यावर ‘आत्या, तुम्ही’ म्हणायला लागली. समृद्धी झाली. रांजणगावच्या कारखान्यात कंत्राटावर राबून भारत कंटाळला होता, तो पुण्यातल्या एका एजन्सीचा क्लास करून जपानला गेला.

काम काय, तर एका शेतावर कोबी काढायचा. सिंधूबाईंना पहिला संशय तिथंच आला. घरचा कोबी टाकून समुद्र ओलांडून दुसऱ्याचा कोबी कापायला कोण जातं?

दोन वर्षांनी एका दुभाष्याचा फोन आला. भारतच्या खोलीवरची दोन पोरं रात्री जाऊन सोलरच्या पॅनेलांखालची तांब्याची केबल कापायची आणि विकायची. गाडी भारत चालवायचा. त्याला म्हणे सांगितलं होतं, की जुनं भंगार उचलायचंय. तिघांनाही धरलं, आणि भारतला शिक्षा झाली. गावात शितलनंच सांगून टाकलं, की कंपनीनं करार वाढवलाय. घरात मात्र दोघी एकमेकींकडं बघत बसायच्या. त्याची पत्रं यायची ती इंग्रजीत, कारण तिथले साहेब प्रत्येक पत्र वाचल्याशिवाय सोडत नाहीत आणि मराठी वाचणारं तिथं कोण असणार? शितल वाचून दाखवायची. ‘डियर मदर’ ऐकलं की सिंधूबाई म्हणायच्या, हे माझ्या पोराचं नव्हं, दुसऱ्याच कुणाचं तरी आपल्याकडं आलंय.

मग तो खरोखरच आला, आणि त्यांना वाटलं, पत्रंच बरी होती.

पहाटे उजाडायच्या आत तो उठायचा आणि अंथरुणाची घडी अशी घालायचा, की कोपऱ्याला कोपरा. मग भिंतीपाशी ठरलेल्या एकाच जागी ताठ बसायचा. जेवताना अवाक्षर नाही, मान वर नाही. चमचा खाली पडला तर वाकून उचलायचा नाही, हात वर करून बसायचा, कुणीतरी बघेपर्यंत. संडासला जायचं तरी आईला विचारायचा. रात्री दिवा मालवू द्यायचा नाही आणि थंडीतसुद्धा तोंडावर पांघरूण घ्यायचा नाही. शेवंती तोडताना शेजारून कुणी गेलं, हाक मारली, तरी त्याची नजर फुलांवरून हलायची नाही. आणि सिंधूबाईंनी नुसतं ‘भारत’ म्हटलं, की ताडकन उठून उभा राहून म्हणायचा, ‘हाय!’

आता तिथं असंच वागायला लावतात, हे त्यानं एकदा त्रोटक सांगितलं होतं. पण सांगितलेलं ऐकून गप्प बसल्या तर त्या सिंधूबाई कसल्या? त्यांच्या हिशेबी जो माणूस डोळ्याला डोळा देत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असतं. त्या चुलीपाशी बसून त्याच्याकडं बघायच्या, आणि शितल त्यांच्याकडं बघायची. महिनाभर हे चाललं. मग एक दिवस शितलनं समृद्धीचं दप्तर भरलं, दौंडला निघाली आणि दारात सासूला म्हणाली, “आत्या, त्यांना माहीत होतं का नव्हतं, हे मला तुमच्या तोंडून ऐकायचंय. तुम्ही सांगाल तेव्हा येईन.” नवऱ्याला न विचारता ती हे आपल्याला का विचारते, असं सिंधूबाईंच्या मनात आलं. पण मग त्यांना वाटलं, बरोबरच आहे, सगळं गाव आपल्यालाच विचारतं.

एव्हाना गावात कुणकुण लागलीच होती. शेजारच्या गावचं एक पोरगं जपानला होतं, त्याच्या फोनवरून बातमी फिरत फिरत आली. शेवटी चहाच्या टपरीवर पोपटरावांनी भारतला सगळ्यांसमोर विचारलं. हे पोपटराव सोसायटीचे माजी चेअरमन, त्यांना पोटात काही राहत नाही, दुसऱ्याच्याही राहू देत नाहीत. मग भारतनं ती गोष्ट सांगितली.

जपानीत ‘हाय’ म्हणजे ‘होय’. पोलिसांनी कोंडलं, रोज सकाळ-संध्याकाळ चौकशी, दुभाष्या हिंदीचा आणि तोही कधी असायचा कधी नसायचा. साहेब विचारायचा, तुला माहीत होतं ना? आणि भारत आपल्या बोलीत कळवळून सांगायचा, मला काय म्हाईत हाय? साहेब विचारायचा, केबल तूच भरलीस ना? हा म्हणायचा, माझा काय संबंध हाय? प्रत्येक ‘हाय’ला साहेब मान डोलवायचा आणि लिहून घ्यायचा. शेवटी बोटाचा ठसा घेतला आणि झाला गुन्हा कबूल.

टपरीवर आधी सगळे पोट धरून हसले, मग एकदम गप्प झाले आणि मग जपानवर चिडले. चहावाल्यानं त्या दिवशी भारतचे पैसे घेतले नाहीत. पोपटरावांनी ती गोष्ट शिरूरच्या बाजारात नेली, न्हावऱ्याला नेली, एका साखरपुड्यात तर जेवणाच्या पंगतीत उभं राहून सांगितली. दौंडला मारुतरावांच्या कानावर गेली तेव्हा त्यांनी बहिणीला फोन केला आणि रडले. म्हणाले, आक्का, पोराला आपल्या बोलीनं खाल्लं गं. शितलला उद्याच पाठवतो.

शितल आली नाही. तिचा निरोप आला, आत्याला पटलंय का?

खरं सांगायचं तर सिंधूबाईंना पटलं होतं. निदान चार-पाच दिवस पटलं होतं, आणि ते दिवस फार सुखाचे गेले. पोरगा निर्दोष होता, चूक त्या परक्या साहेबाच्या कानाची होती, आणि आपली बोली पोरानं इतकी वर्षं टाकली तरी संकटात तीच त्याच्या तोंडी आली, हे तर त्यांना आतून सुखावत होतं. आजवर त्यांनी कशावरच इतक्या पटकन विश्वास ठेवला नव्हता. ठेवायचा होता म्हणून ठेवला.

मग पोपटराव त्यांच्याच अंगणात येऊन पाहुण्यांना ती गोष्ट सांगायला लागले. आता त्यांनी तिला चाल लावली होती. कपाळावर हात मारून, गळा काढून ते म्हणाले, “सायेब, मला काय म्हाईत हाय?” पाहुणे हसले. सिंधूबाई मागं उभ्या राहून लसूण सोलत होत्या. त्या आवाजात हे वाक्य पोपटरावांचं वाटलं, आणि पोराच्या तोंडचं म्हणून ऐकायला गेल्या तर ते ऐकूच येईना. दहाव्या वर्षापासून ज्यानं आपल्या बोलीतलं ‘हाय’ म्हटलं नाही, बापाला अग्नी देतानाही ज्याच्या तोंडून रडत रडत शुद्धच मराठी आली, तो असं म्हणेल? तो म्हणेल, मला काय माहीत? संपलं. त्यात ‘हाय’ही नाही आणि ‘आहे’ही नाही.

पण लगेच पोराची बाजूही त्यांनीच घेतली. माणूस जिवाला घाबरला की आईच्या भाषेत जातो, तसा गेला असेल. घरात निवांत बोलण्यावरून काय ठरवायचं? बघायचं तर घाबरवूनच बघितलं पाहिजे.

आणि त्यांनी बघितलं. हे काही चांगलं केलं नाही, पण केलं. दुपारी भारत पाटाच्या कडेला पाणी धरत होता. सिंधूबाई घराकडून पळत गेल्या, पदर सुटलेला, हातात फोन, आणि लांबूनच ओरडल्या, “भारत, समृद्धी पडली रं! दवाखान्यात नेलीया!”

फावडं त्याच्या हातून गळून पडलं. “कुठं आहे ती?” तो म्हणाला. “कुणी नेलंय तिला? शितल कुठं आहे?” आणि चिखलातून धावतच निघाला.

सिंधूबाईंनी त्याचा दंड धरला. खोटं हाय, म्हणाल्या, खोटं हाय, पोर बरी हाय. त्या बांधावर मटकन बसल्या. तो त्यांच्याकडं बघत उभा राहिला, परत आल्यापासून पहिल्यांदाच सरळ डोळ्यांत बघत, आणि त्या डोळ्यांत राग होता.

“घाबरल्यावर बी तू ‘आहे’च म्हंतोस,” सिंधूबाई म्हणाल्या.

भारतला कळलं. पाटाच्या कडेला गुडघे जवळ घेऊन, पाठ ताठ करून बसला, जसा भिंतीपाशी बसायचा तसा. मग हळूहळू सांगायला लागला. पहिल्या खेपेला त्याला खरंच माहीत नव्हतं. दुसऱ्या खेपेला गाडीच्या उजेडात त्यानं पोरांना कुंपण कापताना बघितलं. तिसऱ्या खेपेला तो सगळं माहीत असूनही गेला, कारण त्यातला वाटा त्याला गोड लागला होता.

चौकशीचंही त्यानं सांगितलं. तीन आठवडे रोज तेच. खोलीत साहेब आणि तो. वकील जवळ बसू द्यायचे नाहीत, काचेपलीकडून कधीतरी भेटायचा. दुभाष्या मात्र रोज असायचा आणि चांगला असायचा. साहेब कधी ओरडायचा, कधी पाणी द्यायचा, आणि फिरून फिरून तेच विचारायचा. एक दिवस म्हणाला, तुझी आई फुलं पिकवते ना, ती काय म्हणेल? “मी म्हटलं, ती आधी विचारेल खरं काय ते,” भारत म्हणाला. “आणि मग मी सगळं सांगून टाकलं. माफी लिहून दिली. म्हणून शिक्षा कमी झाली.”

तुरुंगात नावाऐवजी नंबर होता. उठायचं, घडी घालायची, दारापुढं बसायचं, नंबर पुकारला की ओरडून ओ द्यायची. चालताना पावलाला पाऊल, हात ठरलेल्या उंचीपर्यंत. कारखान्यात दिवसभर कागदी पिशव्यांना दोऱ्या ओवायच्या. बोलायचं नाही, मान वर करायची नाही, दोरी खाली पडली तर हात वर करून पहारेकऱ्याची वाट बघायची. खिडकीबाहेर काय चाललंय ते बघितलं म्हणून त्याला एकदा आठवडाभर एकट्याला भिंतीकडं तोंड करून बसवलं होतं. जेवायला सातू घातलेला भात, तो बरा असायचा. आंघोळ रोज नाही, आणि ती पण घड्याळावर. मारहाण कुणी केली नाही. पण माणसानं स्वतःहून काही करायचं असतं, हेच तिथं विसरायला होतं, असं तो म्हणाला.

“पण एक होतं, आई. तिथं कुणी विचारत नव्हतं, केलंस का म्हणून. सगळ्यांना माहीतच होतं. इथं सगळेच विचारणार.” ती गोष्ट त्यानं त्या भिंतीपुढं बसूनच रचली होती. चारी बाजूंनी दिवसभर ‘हाय, हाय’ ऐकू यायचं, त्याला गावाची आठवण यायची, हसू यायचं. आधी ती स्वतःपुरतीच गंमत होती. टपरीवर पोपटरावांनी विचारलं तेव्हा ती आपोआप तोंडातून बाहेर पडली, आणि एकदा पडल्यावर परत घेता येईना.

मग त्यानं हात वर केला. बोलायची परवानगी मागत होता. सिंधूबाईंनी त्याचा हात धरून खाली घेतला. बोल की रं, म्हणाल्या.

“शितलला सांगू नकोस. ती परत यायची नाही. समृद्धी पण नाही.”

सिंधूबाईंनी त्याला हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्या दौंडला निघाल्या. न्हावऱ्यापर्यंत जीप, तिथून चौफुला, तिथून एसटी. सबंध वाटेत त्यांनी दोन वाक्यं तयार केली. एक होतं, ‘त्याला म्हाईत न्हवतं, मला पटलंय.’ एवढं म्हटलं की नात घरी येणार, पोरगा भिंत सोडणार, भाऊ जावयाला मांडीला मांडी लावून जेवायला बसवणार. आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी वजनं पकडून जी पत कमावली, ती एका वाक्याला पुरली असती, आणि पत असते तरी कशासाठी? दुसरं वाक्य त्यांना म्हणवतच नव्हतं. चौफुल्याला उतरल्या तेव्हा त्यांचं ठरलं होतं, पहिलंच बोलायचं. दौंडला उतरल्या तेव्हाही तेच ठरलेलं होतं.

मारुतराव बाजारात गेले होते, समृद्धी शाळेत. शितलनं पाणी दिलं, समोर बसली आणि काहीच विचारलं नाही. नुसती बघत राहिली. बाहेर कुठलीशी मालगाडी डबे आदळत उभी राहत होती. सिंधूबाईंनी तांब्या खाली ठेवला. आपण चहात बोट बुडवतो तेव्हा ही पोरगी अशीच बघते, हे त्यांना त्या वेळी कळलं, आणि तयार केलेलं वाक्य त्यांच्याकडून बोलवेना.

“त्याला म्हाईत हुतं, शितल. समजून उमजून गेलता त्यो.”

शितलनं डोळे मिटले. सिंधूबाईंना वाटलं, झालं, आता नातीचं तोंड सणासुदीलाच दिसायचं. पण शितल सुटल्यासारखी रडली आणि रडता रडता म्हणाली, “मला तेव्हाच माहीत होतं, आत्या.”

सिंधूबाईंना आधी अर्थच लागेना.

“तिसऱ्या खेपेच्या आधी त्यांनी मला फोन केला होता,” शितल म्हणाली. “सगळं सांगितलं होतं. मी म्हणाले, सांभाळून जा.”

“जाऊ नको म्हनली न्हाईस?”

“नाही, तसं नाही म्हणाले.”

‘शितलला सांगू नकोस’ म्हणणारा भारत हिलाच झाकत होता, हे सिंधूबाईंना आता कळलं. अडीच वर्षं ही पोर आपल्या शेजारी बसून ती इंग्रजी पत्रं वाचत होती, आपल्या डोळ्यांतलं पाणी पुसत होती, आणि पोटात हे घेऊन होती. व्यापारी, डॉक्टर, पोपटराव, पोटचा पोरगा, सगळ्यांना सिंधूबाईंनी तोलून बघितलं होतं. भावाच्या या पोरीवर त्यांनी कधी संशयच घेतला नव्हता. साखर तेवढी बघत राहिल्या. त्यांना अशी चीड आली, की उठावं आणि चालू पडावं.

“मग मला कशाला इचारलंस?” त्या म्हणाल्या.

“इथं आप्पा रडत होते, तिथं गाव हसत होतं. मला वाटलं, आत्याही तेच बोलली तर संपलं. मग मलाही जन्मभर तेच बोलावं लागेल. तू खोटं बोलली असतीस ना, तर मी आले असते निमोण्याला, निमूट आले असते. पण मग त्या घरात खरं बोलायला कुणीच उरलं नसतं.” लग्नानंतर पहिल्यांदाच ती ‘तू’ म्हणाली होती, आणि दोघींच्याही ते लक्षात आलं.

सिंधूबाई उठल्या नाहीत. राग गेला नव्हता, तो लवकर जाणारही नव्हता, पण त्याच्याखाली दुसरंच काहीतरी हलत होतं. आपणही तासाभरापूर्वी खोटं बोलायचं ठरवून या घरात शिरलो होतो, हे त्या सुनेला सांगू शकल्या असत्या. सांगितलं नाही.

“पिशवी भर,” त्या म्हणाल्या. “ती गोष्ट आता बंद. कुनी इचारलं तर सांगायचं, चोरी केली, भोगून आला. पोपटरावाला मीच सांगते.”

“आणि माझं?”

“तुझं तू सांग. आदी बापाला.”

शितलचा चेहरा उतरला. आप्पांना नको, म्हणाली, ते भोळे आहेत, त्यांना सोसायचं नाही. सिंधूबाईंनी खाटेवर सरकून तिच्यासाठी शेजारी जागा केली. शितल तिथं येऊन बसली. थोड्या वेळानं फाटक वाजलं आणि मारुतराव हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन आत आले. बहिणीला बघून त्यांचा चेहरा उजळला. आक्का, कवा आलीस, म्हणत ते पोरीला चहा टाकायला सांगू लागले.

“चहा नंतर, आप्पा,” शितल म्हणाली. “आधी बसा.”